रुजू होऊन वीस दिवस, आणि दुसरीकडून मुलाखतीचं बोलावणं

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणारे एकोणतीस वर्षांचे अ‍ॅथलेटिक्स प्रशिक्षक आहेत, राहायला डोंबिवलीला. मार्चमध्ये त्यांनी तीन-चार ठिकाणी अर्ज टाकले. मे महिन्यात पश्चिम उपनगरातल्या एका शाळेने मुख्य प्रशिक्षक म्हणून निवडलं, यांनी होकार दिला, सही केली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू झाले. मानधन ३२ हजार, करार अकरा महिन्यांचा. आता वीस दिवसांनी, मार्चमध्ये अर्ज केलेल्या एका निवासी अकादमीने मुलाखतीला बोलावलंय. पगार जवळजवळ दुप्पट, राहायला खोली, पायाखाली सिंथेटिक ट्रॅक. ते विचारतात, "मॅडम, नुसतं बघून यायला काय हरकत आहे? नाही जमलं तर इथे आहेच. शाळेला सांगू की नको? माझे जुने सर म्हणतात, शब्द दिला म्हणजे दिला. बायको म्हणते, अकरा महिन्यांनी शाळा तुम्हाला घरी पाठवेल तेव्हा शब्द आठवणार आहे का त्यांना?"

तुमची बायको आणि तुमचे सर, दोघंही खरं बोलतायत. पंचाईत तिथेच आहे.

मी सव्वीस वर्षं उड्या आणि स्प्रिंट शिकवतेय. त्यातली शेवटची नऊ वर्षं एका शिक्षणसंस्थेत प्रशिक्षक निवडणाऱ्या समितीवरही बसते. त्यामुळे अशी मुलाखत देऊनही झालीय, आणि असा निघून गेलेला माणूस भरून काढायची धावपळही करून झालीय.

मुलाखतीला जायला माझी हरकत नाही. 'नुसतं बघून यायला' मात्र सक्त हरकत आहे. साखरपुडा झाल्यावर एखादा दुसऱ्या घरी कांदेपोहे खायला गेला आणि म्हणाला, "ठरवायला नाही हो आलो, नुसतं बघायला आलोय," तर आपण त्याला काय म्हणू? नोकरी म्हणजे लग्न नव्हे, मान्य. नोकरी सोडता येते, आणि काही नोकऱ्या तर सोडाव्यातच. पण बघायला निघालेला माणूस अर्धा गेलेलाच असतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही. वर्षभराचा आराखडा करायला घेतलेला असतो, तो 'पुढच्या आठवड्यात बघू'वर जातो. नवीन मुलांची नावं पाठ करायची राहतात. स्टॉपवॉच हातात असतं आणि डोळे फोनवर. मुख्याध्यापिकांना यातलं काही कळत नाही. मुलांना कळतं.

तेव्हा ठरवायचं ते जाण्याआधी. काय मिळालं तर जाईन, कोणत्या तारखेला जाईन, आणि इथलं कोणाच्या हातात देऊन जाईन, हे आजच कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर मुलाखतीला जाऊ नका.

एक बारीकसं कानउघाडणीचंही आहे. अर्ज मार्चमधला आहे, तुम्ही रुजू झाल्यावर शोधाशोध केलेली नाही, हे तुमच्या बाजूने आहे. पण मे महिन्यात इथे 'हो' म्हणालात त्याच दिवशी बाकीच्या सगळ्यांना दोन ओळींचा निरोप जायला हवा होता, की मी दुसरीकडे रुजू होतोय. तो गेला नाही. दहातले नऊ जण हेच करतात. दार उघडं राहू दे, आपलं काय जातंय! मग दार उघडंच असतं आणि एक दिवस त्यातून वारा येतो.

आता शब्दाबद्दल. तुमच्या सरांसारखं मी शब्दाचं वजन करत नाही. त्या शब्दावर विसंबून कोणी काय काय बंद केलं, ते मोजते. तुम्ही होकार दिलात त्या संध्याकाळी शाळेच्या ऑफिसमधून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला फोन गेला असणार, जागा भरली म्हणून. काही पालकांनी 'शाळेतच आता चांगले सर आलेत' म्हणून मुलाचा खासगी क्लब बंद केला असेल. आमच्या संस्थेत एकदा निवडलेला मुलगा एकोणीस दिवसांनी गेला. मी यादी काढून दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला फोन लावला. तिने तोवर नाशिकला नोकरी धरली होती. "मॅडम, मला खरं तर तुमच्याकडेच यायचं होतं," एवढंच म्हणाली. तिसरा उमेदवार जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला आणि आमचा हंगाम जेमतेम सावरला.

जेमतेम का होईना, सावरला. आणि या ठिकाणी माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं पडतं. रुजू होऊन वीस दिवसांत सोडणं लाजिरवाणं वाटतं, शंभर दिवसांनी सोडलं की लोक म्हणतात, बरेच दिवस टिकला. नुकसानीचा हिशेब बरोबर उलटा आहे. प्रशिक्षकाच्या कामात दिवस तारखेने मोजायचेच नसतात, हंगामाने मोजायचे असतात.

मुंबईतलं अ‍ॅथलेटिक्सचं वर्ष तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. जून-जुलैत मैदान म्हणजे चिखल. शाळेच्या मुलांना आपण व्हरांड्यात, जिन्यावर, जमलं तर हॉलमध्ये राबवतो. दोरीवरच्या उड्या, मेडिसिन बॉल, पोटापाठीचे व्यायाम, गुडघे वर उचलून जागच्या जागी धावणं. सगळ्यांना साधारण सारखंच काम, पायाभरणीचं. प्रशिक्षक या काळात बदलला तर मुलांना पंधरा दिवस चुकल्यासारखं होतं, मग नवीन सरांची सवय होते. पाऊस ओसरायला लागला की काम प्रत्येकाचं वेगळं होतं. कोणाची सुरुवात दुरुस्त करायची, कोणाचा रनअप वाढवायचा, कोणाला दोनशे मीटरवरून चारशेवर न्यायचं. तेवढ्यात जिल्हास्तर येतं, तिथून विभाग, तिथून राज्य. या मधल्या काळात प्रशिक्षक गेला की अर्धवट शिवलेला सदरा दुसऱ्या शिंप्याकडे दिल्यासारखं होतं. तो उसवतो आणि स्वतःच्या मापाने घेतो.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. २००३ साली मी जूनमध्ये एका क्लबात रुजू झाले आणि ऑगस्टमध्ये 'नुसतं बघायला' दुसरीकडे गेले. तीन हजार रुपये जास्त होते आणि ती जागा घरापासून चालत सात मिनिटांवर होती. पहाटेची लोकल सुटणार, हा मोह मुंबईकराला समजावून सांगायला नको. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी गेले. आठवडाभराची नोटीस, हार, पेढे, सगळं रीतसर.

त्या क्लबात लांब उडीची एक मुलगी होती, चौदा वर्षांखालच्या गटातलं तिचं शेवटचं वर्ष. तिचा रनअप अकरा पावलांचा होता, मी तो तेरावर नेत होते. तिची धाव सुरू करायची खूण उडी घ्यायच्या पाटीपासून १७ मीटर ८० वर असायची, ती आम्ही २१ मीटरच्या आसपास नेली होती आणि अजून ती पक्की व्हायची होती. वेग वाढला होता, पाऊल कुठे पडेल याचा भरवसा नव्हता. अशा वेळी रोज कोणीतरी बाजूला उभं राहून 'अर्धा फूट मागे', 'आज वारा पाठीमागून आहे, एक वीत अजून' असं सांगावं लागतं. माझ्यानंतर आलेल्या सरांना हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, आणि मी एका कागदावर लिहून ठेवायचे कष्ट घेतले नाहीत. त्यांनी तिला पुन्हा अकरावर आणलं. वेग मात्र तेराचा होता.

जिल्ह्याच्या स्पर्धेला मी दुसऱ्या संघाबरोबर होते, गॅलरीत. तिच्या तिन्ही उड्या फाऊल. तिसऱ्या वेळी पंचाने लाल झेंडा उचलला तेव्हा ती खड्ड्यातून उठून मागे आली आणि पाऊल पाटीपुढे गेलं की ठसा उमटावा म्हणून लावलेल्या मऊ प्लॅस्टिसिनच्या पट्टीकडे वाकून बघत राहिली. बुटाच्या नाकाचा ठसा होता, नखाएवढा. मग तिने वर बघितलं. रडली वगैरे नाही. मी जिथे बसायचे त्या बाजूला एक नजर टाकली, आणि मी दुसऱ्या संघाचा टी-शर्ट घालून तिथेच बसले होते. पुढच्या वर्षी सतरा वर्षांखालच्या गटात ती तिसरी आली, तेव्हा तिचं आयुष्य मी उद्ध्वस्त केलं वगैरे नाटकी काही म्हणणार नाही. एक वर्ष गेलं. तेरा-चौदाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे किती असतं ते तुम्ही खेळाडू होतात, तुम्हाला माहीत आहे.

मोठ्या मंडळींच्या गोष्टी हाच हिशेब लावून बघा, गंमत येते. २०१८ च्या जूनमध्ये स्पेनच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक हुलेन लोपेतेगी याने रेआल माद्रिदशी बोलणी करून ठेवली. त्याआधी काहीच आठवड्यांपूर्वी स्पेनच्या महासंघाशी त्याने २०२० पर्यंतचा नवा करार केला होता. १२ जूनला माद्रिदने जाहीर केलं, महासंघाच्या अध्यक्षांना जेमतेम काही मिनिटं आधी कळलं. १३ तारखेला त्याला काढलं, १४ ला विश्वचषक सुरू, १५ ला स्पेनचा पोर्तुगालशी सामना. संघ बाद फेरीत पहिल्याच सामन्यात रशियाकडून पेनल्टीवर हरला, आणि ऑक्टोबर संपायच्या आत माद्रिदनेही लोपेतेगीला घरी पाठवलं. चांगल्या क्लबाची नोकरी धरली यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वेळ चुकली, आणि ज्यांना आधी सांगायला हवं त्यांना शेवटी सांगितलं.

याच्या उलट जोश मॅकडॅनियल्स. अमेरिकन फुटबॉलमधल्या इंडियानापोलिस कोल्ट्सने फेब्रुवारी २०१८ मध्ये हा आपला मुख्य प्रशिक्षक म्हणून जाहीर केला, पत्रकार परिषद ठरली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी हा म्हणाला, नाही येत. सगळीकडे छी-थू झाली, त्याच्या एजंटनेही त्याचं काम सोडलं. पण हंगाम संपलेला होता. कोल्ट्सने आठवड्याभरात फ्रँक राइखला आणलं आणि त्याच वर्षी संघ बाद फेरीत पोचला. खरी टांगती तलवार होती ती मॅकडॅनियल्सच्या भरवशावर आधीच करार केलेल्या तीन सहायकांवर. क्लबने त्यांना ठेवून घेतलं म्हणून बरं. तुमच्या भरवशावर कोणी सहायक, कोणी कनिष्ठ प्रशिक्षिका त्या शाळेत आलीय का? असेल तर तिचा विचार मुख्याध्यापिकांच्या आधी करा.

आणि जे म्हणतात की शब्द मोडणाऱ्याचं कधी भलं होत नाही, त्यांच्यासाठी बिल बेलिचिक, खेळ तोच, अमेरिकन फुटबॉल. जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्क जेट्सचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि दुसऱ्याच दिवशी एका चिठोऱ्यावर राजीनामा लिहून मोकळा झाला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याच्या बदल्यात जेट्सना खेळाडू निवडीतला आपला पहिल्या फेरीचा हक्क दिला. पुढे त्याने पेट्रियट्सना सहा सुपर बोल, म्हणजे तिथली अजिंक्यपदं, जिंकून दिले. नियती वगैरे शिक्षा करत बसत नाही. तिथे निदान भरपाईची पद्धत आहे. आपल्या शाळांमध्ये भरपाई मुलंच देतात.

आता तुमच्या बायकोच्या मुद्द्याकडे येते, कारण तो हलक्यात घेण्यासारखा नाही. अकरा महिन्यांचा करार शाळा का करते? बाराव्या महिन्यात तुमच्यावर कुठलीही जबाबदारी राहू नये म्हणून. पगार न म्हणता मानधन का म्हणते? त्याच कारणाने. प्रॉव्हिडंट फंडाचं नाव काढलं तर ऑफिसमधल्या बाई चष्म्यावरून बघतात. मे महिन्याची सुट्टी बिनपगारी. अशा संस्थेने निष्ठेवर भाषण दिलं तर ते ऐकून घ्यावं आणि मनाला लावून घेऊ नये. संस्थेबद्दल तुम्हाला जितकं बांधील वाटावं तितकं तिने करारात लिहिलेलंच असतं. महिनाभराची नोटीस लिहिली असेल तर महिनाभर. मुलांबद्दलची बांधिलकी कुठे लिहिलेली नसते, म्हणून तिचा हिशेब वेगळा ठेवायचा. लोक हे दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडतात आणि मग एक तर शाळेसाठी उगीच झुरतात, नाही तर शाळेवरच्या रागापायी मुलांना सोडून जातात.

शाळेनेच शब्द फिरवला असेल तर आणखी वेगळं. मुख्य प्रशिक्षक म्हणून घेतलं आणि बसवर मुलं मोजायला उभं केलं, ठरलेलं मानधन द्यायला नकार दिला, मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीबद्दल तक्रार केली तर गप्प बसायला सांगितलं, असं काही असेल तर रुजू होऊन वीस दिवस झाले की पाच, मुलाखत द्या आणि मागे बघू नका. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही, म्हणून धरून चालते की तसं नाही.

कायद्याची भीती तुम्ही पत्राच्या शेवटी घातलीय, 'बाँड आहे, अडकवतील का' म्हणून. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध नोकरीत राहायला न्यायालय भाग पाडत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे एखाद्याला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. नोकरी सोडल्यानंतर 'इतकी वर्षं दुसऱ्या क्लबात शिकवायचं नाही' असली अट त्यामुळे सहसा टिकत नाही. कराराच्या मुदतीतल्या अटींची गोष्ट मात्र निराळी. १९६७ चा गोलिकरी खटला आपल्या कल्याणचाच आहे. टायर-कॉर्डच्या, म्हणजे टायरमध्ये घालायच्या दोऱ्याच्या, कारखान्यातल्या शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार करून मध्येच राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कंपनीत जास्त पगाराची नोकरी धरली. त्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे काम करायला घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. आणि २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायची अटही न्यायालयाने योग्य ठरवली. तेव्हा 'बाँडला काही अर्थ नसतो' असं मैदानावर कोणी सांगितलं तर त्याच्या भरवशावर राहू नका. तुमचा कागद एखाद्या वकिलाला दाखवा. शाळेने तुमच्या एखाद्या कोर्सची फी भरली असेल तर मात्र वकिलाला विचारायची गरज नाही, ती परत करा.

आता शाळेला सांगायचं कधी. मुलाखतीच्या आधी सांगायलाच हवं असं मी म्हणत नाही. मुलाखत म्हणजे नोकरी नव्हे, आणि नोकरी न मिळता नाव मात्र खराब होईल ही तुमची भीती खरी आहे. पण रजा घेताना खोटं बोलू नका. मुंबईतल्या प्रशिक्षकांच्या आज्या मुलाखतीच्या दिवशी जितक्या आजारी पडतात तितक्या एरवी पडत नाहीत. 'वैयक्तिक कामासाठी एक दिवस रजा हवी आहे' एवढं पुरतं, ते खरंही आहे. मुलाखत झाली आणि त्यांनी दुसऱ्यांदा बोलावलं, किंवा तुमच्याबद्दल कोणाला विचारू असं म्हणाले, की त्याच दिवशी मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगायचं. त्याच दिवशी, कारण अ‍ॅथलेटिक्सचं आपलं गाव एवढुसं आहे. मरिन लाइन्सच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर दुपारी झालेलं बोलणं संध्याकाळी प्रियदर्शिनी पार्कच्या ट्रॅकवर पोचलेलं असतं, आणि तिथून कांदिवलीला जायला त्याला लोकलही लागत नाही. तुमच्या तोंडून कळणं आणि शर्यत सुरू करून देणाऱ्या स्टार्टरच्या तोंडून कळणं यात फार फरक आहे.

तो एकोणीस दिवसांत गेलेला मुलगा असाच माझ्याकडे आला होता. बूट हातात, पाय चिखलाने भरलेले, सराव संपवून सरळ आलेला. म्हणाला, "मॅडम, मला तिकडून बोलावलंय, मी जाणार आहे, झालं तर एक तारखेपासून. तुम्हाला माणूस मिळेपर्यंत शनिवार-रविवार मी येईन." मला राग आला होता, खोटं का सांगू. पण चार शनिवार-रविवार तो आला. आजही कोणी त्याच्याबद्दल विचारलं तर मी चांगलंच सांगते. आणखी एक जण गेला होता तो रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर 'पर्सनल रीझन' लिहून. त्याच्याबद्दल विचारलं तर मी विषय बदलते, आणि विचारणारा समजायचं ते समजतो.

मुलाखतीत तुम्हाला एक प्रश्न हमखास येईल, 'लगेच कधी येऊ शकाल?' तरुण मुलं छाती पुढे काढून म्हणतात, 'उद्यापासून, सर!' मी समितीवर असते तेव्हा या उत्तरापुढे फुली मारते. जो तिकडची मुलं एका दिवसात सोडू शकतो तो माझीही सोडेल. 'सध्या माझ्याकडे पंचेचाळीस मुलं आहेत, त्यांची सोय लावून येईन, इतके दिवस लागतील,' असं म्हणणाऱ्याचे दोन गुण मी वाढवते. सगळेच असं करतात असा दावा नाही. पण जी अकादमी यावर नाक मुरडेल, तिथली मुलं अर्ध्यावर सोडून जाणारेही तिथे बरेच असतील, एवढं समजून चाला.

तिकडचं पत्र हातात आलं की ते घेऊन मुख्याध्यापिकांकडे 'एवढे देता का' म्हणून जाऊ नका. पैसे वाढवून मागायचे तर तुमच्या कामावर मागा, तेही निदान एक हंगाम काढून. वीस दिवसांच्या कामावर काय मागणार? आणि जाताना मुलं घेऊन जाऊ नका. आपल्या शहरात प्रशिक्षकांची खरी भांडणं यावरून होतात, पगारावरून नव्हे. वीस दिवसांत तुम्हाला कळलं असेल की दोन मुली चांगल्या पळतायत. त्यांच्या आयांच्या कानात अकादमीचं नाव घालायचा मोह होईल. हंगाम संपल्यावर त्या आपणहून विचारत आल्या तर गोष्ट वेगळी.

वही मात्र आजपासून लिहा, जाणार असाल किंवा नसाल तरी. २००३ नंतर मी प्रत्येक ठिकाणी एक जाड रजिस्टर ठेवते आणि ते शाळेच्या कपाटात राहतं, माझ्या बॅगेत नाही. प्रत्येक मुलाला एक पान. पायाची खूण किती मीटरवर, कोणता पाय पुढे, गेल्या सहा महिन्यांत उंची किती वाढली, कोणाला दम्याचा पंप लागतो आणि तो दप्तराच्या कोणत्या कप्प्यात असतो, कोणाची पाळी नुकती सुरू झालीय म्हणून पहिल्या दिवशी उड्या नकोत, कोण विरारहून उपाशीपोटी येतं. काय बदलायला घेतलंय आणि ते कुठपर्यंत आलंय, हे तारखेसकट. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी तेव्हा हे केलं असतं तर त्या मुलीच्या पानावर 'रनअप १३ पावलं, खूण २१ मीटर, अजून कच्ची, मागे-पुढे करावी लागेल' एवढी एक ओळ असती. वीस दिवसांत तुमच्याकडे लिहिण्यासारखं थोडंच असेल. जे आहे ते लिहा.

तर उद्या सकाळी सराव आटोपला की अकादमीला फोन करा. मुलाखत कधी आहे हे त्यांनी कळवलंच आहे. तुम्ही विचारा की निवड झाली तर रुजू कधी व्हायचं. जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात म्हणाले आणि तुमची नोटीस त्यात बसत असेल तर जा. झालं तर मुख्याध्यापिकांना लगेच सांगा, त्यांच्याकडे अजून यादी असेल. जानेवारीत चालेल म्हणाले तर उत्तमच, हंगाम पुरा करून जाल. 'आत्ता मुलाखत देऊन ठेवा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जागा निघाली की कळवू' असं म्हणाले, तर आभार मानून नाही म्हणा आणि फोन ठेवा. साडेतीनची बॅच असेल ना तुमची? पाऊस असला तर जिन्यावर घ्या, पण खालच्या चार पायऱ्या आधी पुसून घ्या, ओल्या असतात.